करार संपल्यानंतर : मराठवाड्यातील एका फुटबॉल प्रशिक्षकाचे प्रकरण

व्यावसायिक फुटबॉल खेळलेला माणूस लहान मुलांचा प्रशिक्षक होतो, तेव्हा स्वतःला खेळता येणे आणि दुसऱ्याला शिकवता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे त्याला बहुधा मैदानावर उतरल्यावरच कळते. पुण्या-मुंबईत अकादमी असते, वरिष्ठ प्रशिक्षक असतो, वयोगटांच्या साखळी स्पर्धा असतात, त्यामुळे नवख्या प्रशिक्षकाच्या उणिवा सावरून घेतल्या जातात. मराठवाड्यातील लहान गावांत यांपैकी फारसे काही हाताशी नसल्यामुळे सगळा भार एकाच माणसावर येतो, आणि म्हणूनच अशा माणसाचे प्रकरण बारकाईने पाहण्याजोगे ठरते.

येथे मांडलेले प्रकरण मनमाड–काचीगुडा रेल्वेमार्गावरील, परभणी-नांदेड पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावचे आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून खेळाडूचे, गावाचे आणि शाळेचे नाव दिलेले नाही. प्रकरणाच्या मुळाशी एकच प्रसंग आहे : १४ वर्षांखालील शालेय संघाच्या निवडीवरून प्रशिक्षक आणि शिक्षणसंस्था यांच्यात झालेला मतभेद. त्या प्रसंगी तो जसा वागला तसा का वागला, हे समजण्यासाठी त्याच्या खेळाडू-आयुष्यापासून सुरुवात करावी लागते.

उशिरा शिकलेला खेळाडू

त्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून अशी आहे. मराठवाड्यात त्याच्या आणि त्याआधीच्या पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख हीच आहे, कारण प्रवेशाच्या वेळी गुरुजी शाळा सुरू होण्याचा हिशेब धरून तारीख लिहून टाकत. घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे त्याचा जन्म त्या तारखेच्या बरेच आधीचा, तिच्याआधीच्या दिवाळीच्या सुमाराचा. या काही महिन्यांच्या फरकाचा त्याच्या खेळावर मोठा परिणाम झाला, असे मला वाटते. वर्गातल्या मुलांपेक्षा तो उंच आणि वेगवान होता, चेंडू पुढे ढकलून धावत सुटला की कोणी त्याला गाठू शकत नसे. सामने जिंकले जात होते, तेव्हा त्याला आणखी काही शिकवायची गरज कोणालाच भासली नाही.

दहावीनंतर तो पुण्याला गेला आणि जिल्हा साखळीत खेळणाऱ्या एका स्थानिक संघात दाखल झाला. खडकी आणि कॅम्प भागातली त्याच्या वयाची मुले चेंडू पायाशी येण्याआधीच मान वळवून आजूबाजूला पाहून घेत आणि पुढच्या पासच्या दिशेने अंग मोकळे ठेवून चेंडू घेत. त्याला हे कोणी सांगितलेलेच नव्हते. कोल्हापूरच्या मुलांशी गाठ पडली तेव्हा ही उणीव अधिकच जाणवली. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशी तालीम मंडळे फुटबॉलचे संघ चालवतात, शाहू स्टेडियमवर पेठापेठांतली चुरस पाहायला गर्दी लोटते, आणि त्या गर्दीत बापाचे बोट धरून बसलेले पोर सात-आठ वर्षांचे असतानाच खेळ डोळ्यांनी शिकू लागते. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा आहे, ही गोष्ट योगायोगाची नाही.

आमच्या खेळाडूने हे सगळे सतराव्या-अठराव्या वर्षी शिकायला घेतले. मेहनतीने तो उजव्या बाजूचा भरवशाचा बचावपटू झाला आणि व्यावसायिक करारापर्यंत पोहोचला. पण प्रतिस्पर्ध्याने दाबले की त्याचा पहिला स्पर्श चुके, आणि ही खोड त्याची शेवटपर्यंत गेली नाही. ‘आठ ते चौदा या वयातली माझी वर्षे कोरी गेली’ असे तो स्वतःच सांगतो, आणि पुढचे त्याचे सगळे निर्णय याच जाणिवेतून आलेले आहेत.

दुसरी गोष्ट पोटापाण्याची. महाराष्ट्रातल्या फुटबॉलपटूंच्या आधीच्या पिढ्यांचा आधार म्हणजे नोकरी : रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया यांचे संघ असत. खेळणे थांबले तरी पगार चालू राहत असे, आणि संध्याकाळी मैदानावर जाऊन वस्तीतल्या मुलांना फुकट शिकवणारे अनेक जुने खेळाडू त्या पगाराच्या बळावरच शिकवत होते. आय-लीग या देशपातळीवरच्या व्यावसायिक साखळीच्या काळात करारावर खेळणाऱ्या पिढीला हा आधार राहिला नाही. आमच्या खेळाडूला रेल्वेच्या संघाच्या चाचणीला बोलावले होते, परंतु क्लबचा मासिक आकडा मोठा होता आणि घरी बहिणीचे लग्न ठरलेले होते, म्हणून त्याने करार घेतला. तेव्हाच्या त्याच्या परिस्थितीत हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही.

त्यानंतर महाराष्ट्रातले व्यावसायिक संघ एकामागून एक बंद पडत गेले. महिंद्रा युनायटेडचा संघ २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. २०१७ मध्ये मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स हेही संपले, आणि पुढे २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीची इंडियन सुपर लीगमधली जागा हैदराबादला गेली. संघ बंद झाला की त्यातले चार-पाच नामवंत खेळाडू दुसरीकडे घेतले जातात, बाकीचे फोनची वाट पाहतात. २०१७ मध्ये त्याचा करार संपला तेव्हा तो २८ वर्षांचा होता आणि धडधाकट होता. नवा करार मात्र कोणी देऊ केला नाही, आणि देवगिरी एक्स्प्रेसने तो गावी परतला.

पहिले वर्ष

परतण्याची वेळ एका अर्थाने चांगली होती. १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात होणार होता, काही सामने नवी मुंबईत ठेवले होते, आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभरातल्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळण्याचा मोठा सरकारी उपक्रम झाला होता. ज्या शाळांच्या कपाटात कधी फुटबॉल नव्हता तिथेही चेंडू पोहोचले. गावातल्या एका मोठ्या खासगी संस्थेने त्याला लगेच बोलावले. क्रीडाशिक्षकाच्या पदासाठी बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी लागते आणि याचे शिक्षण बारावीपर्यंतच झालेले, त्यामुळे नेमणूक मानधनावर झाली. सात-आठ वर्षे व्यावसायिक संघात घालवलेल्या माणसाला शाळेच्या हजेरीपटावर जागा नव्हती, याची खंत मला आजही वाटते. खेळाचा प्रत्यक्ष अनुभव आणि शिक्षणशास्त्राची पदवी यांची सांगड घालणारी एखादी वाट शासनाने काढायला हवी होती.

पहिल्या वर्षी त्याने मुलांना तसेच शिकवले, जसे त्याला क्लबात शिकवले गेले होते. मैदानाला फेऱ्या, चढत्या क्रमाने धावणे, मग रांगेत उभे राहून एकेकाने गोलवर फटका मारणे. अठरा मुले आणि दोन चेंडू असतील, तर रांगेतल्या मुलाच्या पायाला तासाभरात चेंडू जेमतेम वीसेक वेळा लागतो, उरलेला वेळ तो उभा असतो. दिवाळीनंतर मुले गळू लागली. एका मुलाचा गुडघा दुखायचा, त्याला याने सोसायला सांगितले, कारण व्यावसायिक संघात दुखणे सोसूनच खेळले जाते. नांदेडच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले की हा ऑसगुड-श्लॅटरचा त्रास आहे : उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर स्नायूंच्या ओढीचा ताण येतो आणि धावणे-उड्या मारणे कमी केल्याशिवाय तो ओसरत नाही. मुलाला विश्रांती हवी होती, धीर दाखवायला सांगणे चुकीचे होते.

याच सुमारास त्याने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीच्या डी परवान्याचा अभ्यासक्रम केला आणि पुढे सी परवानाही घेतला. या अभ्यासक्रमांतून मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मुलांकडे पाहायची सवय, असे तो मानतो. चार विरुद्ध चार अशा छोट्या सामन्यात प्रत्येक मुलाला चेंडू कितीतरी अधिक वेळा मिळतो, आणि दर वेळी त्याला निर्णय घ्यावा लागतो की पास द्यायचा, वळायचे की पुढे जायचे. रांगेत उभे राहून मारलेल्या फटक्यात असा निर्णय कुठेच नसतो. दुसऱ्या वर्षी त्याने मैदानाचे चार भाग केले, फेऱ्या बंद केल्या आणि तासातला बहुतेक वेळ छोट्या सामन्यांना दिला. मुले परत आली.

एक प्रयोग त्याने उचलला तो हैदराबादकडून. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत भारताला सुवर्णपदक आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवून देणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. कमकुवत पायानेच खेळायच्या स्पर्धा त्यांनी हैदराबादेत भरवल्या होत्या. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा ही परंपरा आपलीच म्हणायला हरकत नाही, पण गोदावरीकाठच्या गावांत आज रहीमसाहेबांचे नाव माहीत असलेला क्रीडाशिक्षक शोधावा लागतो. आमच्या प्रशिक्षकाने आठवड्यातला एक दिवस ‘डाव्या पायाचा’ ठेवला. डावखुऱ्या मुलांसाठी तो दिवस अर्थातच उजव्या पायाचा.

निवडीचा प्रसंग

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात, आणि जिल्ह्यापर्यंतचे सामने बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीने खेळवले जातात. सोळा संघ असले तर एकूण पंधरा सामने होतात, आणि त्यांतल्या आठ संघांच्या वाट्याला फक्त एकच येतो. वर्षभर घाम गाळलेल्या मुलाचा अधिकृत फुटबॉल तासाभरात संपतो. अशा रचनेत प्रशिक्षकावर एकच दबाव राहतो : पहिला सामना हरायचा नाही. मग अंगाने वाढलेली मुले निवडली जातात, चेंडू उंच आणि लांब मारला जातो, आणि लहानखुरी पण खेळ समजणारी मुले बाकावर बसतात. तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या शारीरिक वाढीत दोन-तीन वर्षांचा फरक सहज असू शकतो, आणि जानेवारीत जन्मलेला व डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात मोजला जातो, याची नोंद निवड करताना सहसा घेतली जात नाही.

त्या वर्षी संस्थेने सोळा मुलांची यादीच त्याच्यापुढे ठेवली. यादीत जूनमध्ये नव्याने दाखल झालेली दोन थोराड मुले होती. त्यांच्या जन्मतारखेबद्दल त्याला शंका होती, पण कागदपत्रे व्यवस्थित होती. राष्ट्रीय पातळीवर महासंघ मनगटाच्या क्ष-किरण चाचणीवरून वय तपासतो, तालुक्याच्या स्पर्धेत मात्र दाखला हाच शेवटचा पुरावा असतो. त्याने कोणावरही आरोप केला नाही. त्याने एवढेच सांगितले की जी मुले वर्षभर सरावाला आली तीच खेळतील. नव्या दोघांनी सराव केलेला नव्हता.

संस्थेची बाजूही समजून घ्यायला हवी. विभागापर्यंत गेलेल्या संघाचे छायाचित्र जूनमधल्या प्रवेशांच्या फलकावर लागते, आणि त्या फलकावर संस्थेचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो. पालकांचा स्वार्थ तर याहून रास्त आहे. क्रीडा प्रमाणपत्रामुळे दहावीला सवलतीचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू शेती असलेल्या घरात मुलाच्या खेळाकडे या नजरेने पाहिले गेले तर त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही.

संघ त्याच्या निवडीप्रमाणे उतरला आणि जिल्हा स्पर्धेतला पहिलाच सामना तीन गोलांनी हरला. त्यांतले दोन गोल एकाच प्रकारे झाले. २०१९ मध्ये नियम बदलल्यापासून गोल-किकचा, म्हणजे गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करतानाचा, चेंडू पेनल्टी क्षेत्रातच सहकाऱ्याला देता येतो, आणि याने मुलांना तेच शिकवले होते : गोलरक्षकाने जवळ पास द्यायचा आणि तिथून खेळ बांधत न्यायचा. आदल्या रात्री पाऊस झालेला, काळ्या मातीचे मैदान, चेंडू चिखलात अडला आणि समोरच्या आघाडीपटूने तो उचलला. पहिला गोल झाल्यानंतरही त्याने सूचना बदलली नाही.

येथे माझे मत त्याच्याहून वेगळे आहे. मुलांनी चेंडू फेकून न देता खेळायला शिकावे हे तत्त्व बरोबरच आहे, पण त्या मैदानावर त्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे लांब चेंडू मारला असता तर ते तत्त्व मोडले नसते. मैदान वाचणे हाही खेळाचाच भाग आहे, आणि तो मुलांना शिकवायची चांगली संधी त्या दिवशी हुकली. निवडीच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे त्याच्या बाजूचा आहे. ज्या मुलांनी पहाटे उठून वर्षभर सराव केला, त्यांना ऐनवेळी बाजूला सारून बाहेरची मुले आणली असती, तर त्यांचा पुढे कोणत्याच प्रशिक्षकावर विश्वास बसला नसता.

त्याची खरी चूक आणखी वेगळी होती आणि ती मैदानाबाहेरची होती. आपण या संघाला तीन वर्षांच्या बेताने शिकवत आहोत, पहिल्या वर्षी हार होण्याची शक्यता आहे, हे त्याने पालकांना आणि मुख्याध्यापकांना आधी बसवून सांगायला हवे होते. खेळाडूला ही सवय नसते. क्लबात ही बोलणी व्यवस्थापक करतो, खेळाडू फक्त खेळतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर संस्थेने त्याचे मानधन पुढे चालू ठेवले नाही.

रविवारची साखळी

त्यानंतर त्याने जे केले त्याला माझ्या मते या प्रकरणात सर्वांत जास्त महत्त्व आहे. शाळेतली बरीचशी मुले त्याच्यामागे नगरपालिकेच्या मैदानावर आली. त्याने गल्ली आणि वस्तीनुसार आठ संघ पाडले, पाच-पाच मुलांचे, आणि दर रविवारी सकाळी साखळी सामने सुरू केले. प्रत्येक संघाला एका सकाळी दोन छोटे सामने मिळतात. जिल्हा स्पर्धेत ज्या मुलाला वर्षातून एक सामना मिळत होता, त्याला इथे दोन रविवारांत चार मिळू लागले. हरलेला संघ पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहतो, आणि प्रशिक्षकालाही गेल्या आठवड्यातली चूक या आठवड्यात दुरुस्त करता येते. बारा वर्षांखालील मुलांसाठी महासंघाने २०१८ पासून बेबी लीगची जी कल्पना मांडली तिचा गाभा हाच आहे. गावातल्या गावात साखळी उभी करायला सरकारी स्टेडियम लागत नाही, हे त्याने दाखवून दिले.

अडचणी मात्र पुष्कळ आहेत. त्याच मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा असतात, सभा होतात, प्रदर्शने लागतात. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, पाय मुरगळण्याचा धोका असतो, म्हणून मार्चनंतर सामने मुरमाच्या अर्ध्या भागातच होतात आणि ऊन चढण्याआधी, साडेसातपर्यंत, संपवले जातात. हिरवळीचा विषय तर काढताच येत नाही. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते, अशा प्रदेशात मैदानावर पाणी मारण्याची मागणी कोणत्या तोंडाने करायची?

दोन संघांतली काही मुले ऊसतोड कामगारांची आहेत. दसरा-दिवाळीनंतर आई-बापांबरोबर ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सुरुवातीला त्यांची जागा दुसऱ्याला दिली जाई, आणि परत आलेली मुले मैदानाच्या कडेला उभी राहून बघत. आता नियम असा आहे की गेलेल्या मुलाची जागा राखीव राहते, तोवर तिच्यावर बदली मुलगा खेळतो. जाताना मुलाला एक जुना चेंडू दिला जातो. काही चेंडू परत येतात, काही येत नाहीत, त्याचा हिशेब ठेवला जात नाही. मुलींचा संघ अजून एकच आहे, आणि त्यातल्या बहुतेकींचे येणे घरकामाच्या वेळेवर ठरते. सामने सकाळऐवजी संध्याकाळी ठेवले तर त्यांची संख्या वाढेल असे मला वाटते, पण संध्याकाळी मैदान मिळत नाही.

पैशाचे गणित अजून बसलेले नाही. महिन्याची फी थोडी आहे आणि तीही सगळ्यांकडून घेतली जात नाही. तो दुपारभर भावाच्या शेती-अवजारांच्या दुकानात बसतो, घर त्यावर चालते. रेल्वेची नोकरी घेतलेला त्याच्या वयाचा माणूस आज निश्चिंतपणे मैदानावर उभा राहिला असता. करारावर खेळलेल्या पिढीतून बालप्रशिक्षक घडायचे असतील तर त्यांच्या उपजीविकेचा विचार जिल्हा पातळीवर कोणीतरी करावा लागेल, केवळ परवान्यांचे अभ्यासक्रम वाढवून ते होणार नाही.

यंदा साखळीतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाची पुण्यातल्या एका निवासी अकादमीत निवड झाली. गावातला सर्वांत चांगला खेळाडू जाणार, त्याच्या वस्तीचा संघ दुबळा होणार, हे उघड होते. वडिलांची तयारी नव्हती, ते दहावीपर्यंत थांबावे या मताचे होते. प्रशिक्षकाने त्यांच्याशी तीन बैठका केल्या. तिथे शाळा कोणती, दहावीची परीक्षा कुठून देता येईल, फी कोण भरणार आणि निवड टिकली नाही तर परतल्यावर वर्ष वाया जाणार का, याची माहिती त्याने स्वतः पुण्याला जाऊन आणली आणि कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवली. संस्थेशी जी बोलणी त्याने केली नव्हती ती या वेळी केली. मुलगा जूनमध्ये गेला. त्याच्या जागी वस्तीच्या संघात त्याचा दहा वर्षांचा चुलत भाऊ खेळतो. रविवारचे सामने चालवण्यासाठी सतरा-अठरा वर्षांच्या दोन मुलांना पंचगिरी शिकवणे सुरू आहे, आणि मैदानाचे रविवारचे तास वर्षभरासाठी राखून मिळावेत हा अर्ज नगरपालिकेकडे दिलेला आहे.